बारा व्होल्ट आहेत, मग इंजिन का फिरत नाही?

परभणी जिल्हा समुद्रापासून कितीतरी दूर आहे. परभणीच्या माणसाने बोटीच्या इंजिनाविषयी लिहावे, याचे तुम्हांला कदाचित नवल वाटेल. पण आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण भागातून गोदावरी वाहते. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांतील कितीतरी गावे तिच्या काठावर वसलेली आहेत. वर पैठणला जायकवाडीचे धरण आहे. तेथून मोठा विसर्ग सुटला आणि त्यातच इकडे पाऊस लागून राहिला, की या गावांच्या वाटा पाण्याखाली जातात. सप्टेंबर २०२५ मधील मराठवाड्यातला पूर तुमच्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिला असेल. अशा वेळी आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे, तर बोटीखेरीज दुसरे वाहन नसते. म्हणून पावसाळ्याआधी बचावाच्या बोटी पाण्यात उतरवून त्यांची रंगीत तालीम घेतात.

अशाच एका तालमीला मी माझ्या दोन विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. फायबरची बोट होती. तिच्या मागच्या फळीला चाळीस अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन टांगलेले होते. बॅटरी आदल्या रात्रीच चार्जरला लावली होती आणि चार्जरचा हिरवा दिवा लागलेला सर्वांनी पाहिला होता. बोट चालवणाऱ्या मामांनी किल्ली फिरवली. ‘टक्’ असा आवाज झाला आणि सारे शांत! पुन्हा किल्ली फिरवली. ‘टक्, टक्’. इंजिन काही हलेना.

“बॅटरी तं फुल्ल हाय म्हनले व्हते, सर,” मामा म्हणाले.

माझ्या विद्यार्थिनीच्या पिशवीत प्रयोगशाळेतला मल्टिमीटर होता. तिने त्याची टोके बॅटरीला लावली आणि आकडा वाचला : १२.५ व्होल्ट. ती गोंधळली. “सर, साडेबारा व्होल्ट आहेत. मग इंजिन का फिरत नाही?”

प्रश्न अगदी रास्त होता. त्या दिवशी बोट काठाला दोराने बांधलेली होती, म्हणून त्यावर हसता तरी आले. पण माणसांनी भरलेली बोट मध्यधारेत असताना इंजिन बंद पडले आणि पुन्हा सुरू झाले नाही, तर? पुराच्या पाण्याचा वेग सेकंदाला २ मीटर धरा. पाच मिनिटांत बोट ६०० मीटर खाली वाहत जाईल! आमच्या जिल्ह्यात गोदावरीवर ढालेगाव, मुदगल, डिग्रस असे बंधारे आहेत. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला वाहत जाणाऱ्या बोटीला पाच मिनिटे म्हणजे फार मोठा काळ आहे.

मामांनी आणखी एक प्रश्न विचारला. “सर, बाजारात ते हातात मावणारं जंप स्टार्टर भेटतंय. एका खोक्यावर हजार अँपिअर लिव्हलंय. घ्यावं का?” विद्यार्थिनीचा प्रश्न आणि मामांचा प्रश्न, दोन्हींचे उत्तर एकच आहे, हे आता आपण पाहू.

पेन्सिल सेलचा हिशेब

इंजिन सुरू करणे म्हणजे त्याच्या जड चाकाला आणि दट्ट्यांना पहिली गती देणे. हे काम स्टार्टर नावाची लहानशी विजेची मोटर करते. १९११ साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने मोटारगाडीसाठी असा उपयुक्त स्टार्टर तयार केला. तोपर्यंत लोखंडी दांडा हाताने गरगर फिरवून गाडी सुरू करावी लागे, आणि तो दांडा उलटा फिरून अनेकांचे मनगट मोडत असे.

समजा, स्टार्टरला १० व्होल्टला २०० अँपिअर प्रवाह ३ सेकंद लागतो. मग त्याने घेतलेली ऊर्जा किती?

१० × २०० × ३ = ६,००० ज्यूल

एक वॅट-तास म्हणजे ३,६०० ज्यूल. म्हणजे ही ऊर्जा सुमारे १.७ वॅट-तास झाली. आता घरातल्या घड्याळात किंवा रिमोटमध्ये घालतात तो पेन्सिल सेल घ्या. चांगल्या अल्कलाइन सेलमध्ये सुमारे अडीच वॅट-तास ऊर्जा असते. असे आठ सेल एकसर जोडणीत जोडले, तर १२ व्होल्ट मिळतात आणि ऊर्जा होते २० वॅट-तास. इंजिन एकदा सुरू करण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या जवळजवळ बारा पट!

मग आठ पेन्सिल सेल लावून बोट का सुरू करू नये? व्होल्ट पुरेसे आहेत. ऊर्जाही भरपूर आहे. तरीही स्टार्टर तसूभर हलणार नाही. कारण अशा प्रत्येक सेलच्या पोटात सुमारे ०.२ ओहम रोध असतो. आठांचा मिळून १.६ ओहम. आठ सेलांची दोन टोके जाड तारेने थेट जोडली, तरी प्रवाह १२ ÷ १.६ = ७.५ अँपिअरच्या वर जाऊ शकत नाही. स्टार्टरला तर हवे आहेत दोनशे.

रांजण काठोकाठ भरलेला आहे, पण त्याची तोटी दाभणाएवढी आहे. अशा रांजणाखाली घागर भरायला किती वेळ लागेल? सेलांचे तसेच आहे.

घटाच्या पोटातला रोध

प्रत्येक विद्युत् घटाला स्वतःचा असा रोध असतो. त्याला अंतर्गत रोध म्हणतात. नववी-दहावीत तुम्ही ओहमचा नियम शिकता. त्यात या रोधाची भर घातली, की नियम असा होतो :

प्रवाह = घटाचे विद्युत् चालक बल ÷ (बाहेरचा रोध + अंतर्गत रोध)

स्टार्टर आणि त्याच्या तारा यांचा मिळून रोध ०.०५ ओहम धरू. मोटर फिरू लागली म्हणजे ती स्वतःच उलट दिशेचे विभवांतर निर्माण करते आणि प्रवाह कमी होतो. पण आपण मोटर अजून हललेली नाही, तो पहिला क्षण विचारात घेत आहोत.

निरोगी बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०१ ओहम समजा. मग प्रवाह १२.५ ÷ ०.०६, म्हणजे सुमारे २०८ अँपिअर येतो. स्टार्टरच्या वाट्याला २०८ × ०.०५, म्हणजे १०.४ व्होल्ट येतात. इंजिन झटक्यात फिरते.

आता अशी बॅटरी घ्या, की जिचा अंतर्गत रोध वाढून ०.१ ओहम झाला आहे. प्रवाह होतो १२.५ ÷ ०.१५, म्हणजे सुमारे ८३ अँपिअर. आणि स्टार्टरच्या वाट्याला येतात फक्त ४.२ व्होल्ट. बाकीचे ८.३ व्होल्ट बॅटरीच्या पोटातच खर्च होतात व त्यांची उष्णता होते.

या दुसऱ्या बॅटरीला नुसता मल्टिमीटर लावला तर काय दिसेल? मल्टिमीटर स्वतः जवळजवळ प्रवाह घेतच नाही. प्रवाह नाही, तर अंतर्गत रोधात व्होल्ट खर्चही होत नाहीत. म्हणून तो सरळ साडेबाराचा आकडा दाखवतो. दोन्ही बॅटऱ्या त्याला सारख्याच दिसतात!

मी विद्यार्थिनीला म्हटले, “मामा किल्ली फिरवत असताना पुन्हा माप.” तिने मापले. ‘टक्’ आवाज होताच आकडा साडेबारावरून कोसळून चारच्या आसपास आला आणि किल्ली सोडताच पुन्हा वर चढला. ‘टक्’ आवाजाचा उलगडाही झाला. किल्ली फिरवली की एक विद्युत् चुंबक स्टार्टरचा प्रवाह जोडतो. प्रवाह जोडला जाताच विभवांतर कोसळते, चुंबक दुबळा पडतो आणि जोड सुटतो. विभवांतर वर येते, चुंबक पुन्हा ओढतो. इंजिन मात्र आहे तेथेच!

रोध वाढला कसा?

या बॅटरीत शिसे आणि गंधकाम्ल असते. १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते याने असा पहिला घट बनवला. एका घटाचे सुमारे २.१ व्होल्ट, आणि असे सहा घट एकसर जोडले की बारा-साडेबारा व्होल्टची बॅटरी तयार होते. वीज घेताना दोन्ही पट्ट्यांवर शिसे सल्फेटाचा बारीक थर बसतो. चार्ज करताना तो विरघळून पट्ट्या पूर्ववत होतात.

पण बॅटरी उतरलेल्या स्थितीत महिनोन् महिने पडून राहिली, तर या सल्फेटाचे मोठे, कठीण स्फटिक बनतात. ते सहजासहजी विरघळत नाहीत. पट्ट्यांचा कामाचा पृष्ठभाग त्यांनी झाकला जातो आणि अंतर्गत रोध वाढतो. बॅटरी नुसती ठेवली तरी आपोआप थोडी थोडी उतरतच असते, आणि उन्हाळ्यात अधिक वेगाने उतरते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. पत्र्याच्या खोलीत आठ-दहा महिने पडलेल्या बॅटरीचे काय होत असेल, ते सांगायला नको.

मग चार्जरचा हिरवा दिवा? तोही याच रोधाने फसवला. चार्जर बॅटरीच्या टोकांवरचे विभवांतर पाहतो. आतला रोध जास्त असला, की थोड्याशा प्रवाहानेच टोकांवरचे विभवांतर ठरावीक आकड्याला पोहोचते. चार्जर समजतो, बॅटरी भरली. भरलेले असते फारच थोडे.

येथे एक गंमत लक्षात घ्या. इंजिन एकदा सुरू करण्यासाठी २०० अँपिअर प्रवाह ३ सेकंद, म्हणजे ६०० कूलोम विद्युत् भार लागतो. हा जेमतेम ०.१७ अँपिअर-तास झाला. चांगल्या बॅटरीला तो नखभर. बोटीची बॅटरी इंजिन सुरू करून करून झिजली नव्हती. ती नुसती पडून राहून खराब झाली होती.

उसनी शक्ती

आता जंप स्टार्टरकडे वळू. ही म्हणजे कमी अंतर्गत रोधाची एक लहान, हलवता येणारी घटमाला. ती दुबळ्या बॅटरीशी समांतर जोडणीत जोडायची. म्हणजे धन टोक धन टोकाकडे आणि ऋण टोक ऋण टोकाकडे. एकसर जोडणी चुकूनही करायची नाही. तसे केले तर इंजिनाच्या नाजूक इलेक्ट्रॉनिक भागांवर दुप्पट विभवांतर येईल.

आपल्या खराब बॅटरीला असे एक यंत्र जोडू. तारा व चिमटे धरून त्याचा रोध ०.०२ ओहम आणि विद्युत् चालक बल तेवढेच, १२.५ व्होल्ट, समजा. ०.१ आणि ०.०२ ओहम समांतर आले, की एकूण अंतर्गत रोध ०.०१६७ ओहम होतो. प्रवाह होतो १२.५ ÷ ०.०६६७, म्हणजे सुमारे १८७ अँपिअर. स्टार्टरला मिळतात जवळजवळ ९.४ व्होल्ट. इंजिन फिरते! यांतले १५६ अँपिअर नव्या यंत्राने दिले आणि केवळ ३१ जुन्या बॅटरीने. थकलेल्या बैलाच्या जोडीला ताज्या दमाचा बैल जुंपावा, तसे हे झाले. जू दोघांच्या खांद्यावर असते, ओढतो मात्र ताजा.

म्हणजे जंप स्टार्टर निवडताना खरा प्रश्न एकच आहे : भार पडल्यावर त्याचे व्होल्ट किती टिकतात?

खोक्यावरचे आकडे

खोक्यावर पहिला मोठा आकडा असतो तो मिलिअँपिअर-तासांचा. उदाहरणार्थ, १२,०००. वाचून वाटते, १२ व्होल्टचे १२ अँपिअर-तास मिळणार. पण हा आकडा बहुधा आतल्या एकेका लिथियम घटाच्या ३.७ व्होल्टवर काढलेला असतो. खरी ऊर्जा १२ × ३.७ = ४४.४ वॅट-तास. साडेबारा व्होल्टच्या हिशेबाने ती साडेतीन अँपिअर-तासच भरते. अर्थात, एका वेळेला १.७ वॅट-तास लागतात, तेव्हा यातली निम्मी ऊर्जा कामी आली तरी इंजिन दहा-बारा वेळा सुरू होईल. म्हणून या आकड्यावर भुलूही नये आणि त्यासाठी जादा पैसेही मोजू नयेत. आठ पेन्सिल सेलांनी आपल्याला हेच शिकवले.

दुसरा आकडा ‘पीक’ अँपिअरचा, मामांनी वाचलेला हजार. त्याची परीक्षा ओहमच्या नियमाने घ्या. साडेबारा व्होल्टच्या घटमालेतून हजार अँपिअर वाहायचे, तर एकूण रोध ०.०१२५ ओहम हवा. हा सगळा रोध तिच्या पोटातलाच आहे आणि बाहेर काहीच नाही, असे धरले तरी काय होईल? सर्व साडेबारा व्होल्ट आतच खर्च होतील आणि स्टार्टरसाठी शून्य उरेल! ज्या प्रवाहाला टोकांवर व्होल्टच शिल्लक राहत नाहीत, त्याचा आपल्याला काय उपयोग? टोकांवर निदान ९.५ व्होल्ट टिकायला हवेत असे ठरवू. मग आत खर्च करायला फक्त ३ व्होल्ट मिळतात आणि प्रवाह होतो ३ ÷ ०.०१२५ = २४० अँपिअर. हजाराचा जवळजवळ चौथा हिस्सा! शिवाय ‘पीक’चा आकडा सगळे उत्पादक एकाच रीतीने काढत नाहीत. तेव्हा खोक्यावर ‘पीक’खेरीज ‘क्रँकिंग’ किंवा ‘स्टार्टिंग’ अँपिअर लिहिलेले आहेत का, ते शोधावे आणि त्याच आकड्याची तुलना करावी.

तुलना कशाशी? इंजिनाबरोबर येणाऱ्या पुस्तिकेशी. तीत बॅटरी किमान किती ‘सीसीए’ किंवा ‘एमसीए’ची असावी, हे दिलेले असते. सीसीए म्हणजे उणे १८ अंश सेल्सिअसला, ३० सेकंदांपर्यंत, बारा व्होल्टच्या बॅटरीचे विभवांतर ७.२ व्होल्टच्या खाली न जाता मिळणारा प्रवाह. एमसीए हे बोटींसाठीचे माप आहे. ते शून्य अंशाला घेतात, म्हणून त्याच बॅटरीचा एमसीएचा आकडा मोठा दिसतो. दोन्हींची गल्लत करू नये. जंप स्टार्टरचा क्रँकिंगचा आकडा पुस्तिकेतल्या आकड्याहून कमी नसावा.

इंजिन डिझेलचे असेल, तर मागणी आणखी वाढते. पेट्रोल इंजिनात हवा साधारण आठ ते दहा पट दाबली जाते. डिझेल इंजिनात ती सोळा ते बावीस पट दाबावी लागते, म्हणून ते फिरवायला जोरही जास्त लागतो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासेमारीच्या यांत्रिक नौका उभ्या असतात. त्यांच्या डिझेल इंजिनाला आमच्या गोदाकाठच्या बोटीचे लहान यंत्र पुरणार नाही. काही मोठ्या इंजिनांची विद्युत् व्यवस्था तर २४ व्होल्टची असते. तेथे १२ व्होल्टचे यंत्र जोडायचेच नाही.

तारा आणि चिमटे

तारेचा रोध आपण क्षुल्लक समजतो. दोनशे अँपिअरला तो क्षुल्लक राहत नाही. १६ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार एक मीटर घ्या. तिचा रोध सुमारे ०.००१ ओहम. दोनशे अँपिअरला त्यात फक्त ०.२ व्होल्ट जातात. आता बॅटरी लांब पडते म्हणून कोणी घरातली २.५ चौरस मिलिमीटरची तार, जाऊन-येऊन दोन मीटर, जोडली तर? रोध ०.०१३६ ओहम. दोनशे अँपिअरला २.७ व्होल्ट तारेतच संपतात आणि ५४० वॅट उष्णता निर्माण होते. घरातल्या इस्त्रीएवढे तापमान हातातल्या तारेला येऊ लागेल! म्हणून तारा जाड व आखूड असलेलेच यंत्र घ्यावे, तारा वाढवू नयेत आणि यंत्रच बॅटरीजवळ न्यावे. चिमट्यांच्या जबड्यात दोन्ही बाजूंना तांबे असावे. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली, तर ती आधी साफ करावी. त्या बुरशीचा रोधही अंतर्गत रोधासारखाच व्होल्ट खातो.

पाणी, पेट्रोल आणि ठिणगी

बोटीवरचे यंत्र भिजणारच. खोक्यावर ‘आयपी’ आणि पुढे दोन अंक असतात. पहिला अंक धुळीसाठी, दुसरा पाण्यासाठी. आयपी ६५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसणारे, आयपी ६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडाले तरी टिकणारे. मात्र हे संरक्षण तोटीवरची रबरी झाकणे घट्ट बंद असतानाचे असते. एवढे करूनही, पुरातल्या बोटीत यंत्र पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवावे, हे उत्तम.

पाण्यापेक्षा मोठा धोका ठिणगीचा. शिसे-आम्ल बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तो हलका असल्याने वर जातो. पेट्रोलची वाफ याच्या उलट. ती हवेपेक्षा जड असल्याने बोटीच्या तळाशी साचून राहते. एक वायू वर आणि एक खाली, आणि ठिणगीला दोन्ही चालतात! म्हणून पेट्रोलचा वास येत असेल, तर आधी वारा खेळू द्यावा आणि गळती शोधावी. तोवर काहीही जोडू नये. जोडताना क्रम असा : यंत्र बंद ठेवून लाल चिमटा बॅटरीच्या धन टोकाला लावावा. काळा चिमटा इंजिनाच्या उघड्या धातूच्या भागाला, बॅटरीपासून दूर, लावावा. मग यंत्र चालू करावे. किल्ली तीन ते पाच सेकंदच फिरवावी. सुरू झाले नाही, तर निदान अर्धा मिनिट थांबावे. इंजिन सुरू होताच यंत्र बंद करून चिमटे उलट क्रमाने काढावेत.

चिमटे उलटे लागले तर प्रवाह रोखणारे संरक्षण चांगल्या यंत्रात असते. ते आहे याची खात्री करूनच यंत्र घ्यावे. काही यंत्रांना ‘बूस्ट’ नावाचे बटण असते. ते दाबले की हे संरक्षण बाजूला होते. फारच उतरलेल्या बॅटरीसाठी त्याचा उपयोग असतो; पण ते दाबण्याआधी चिमटे पुन्हा एकदा डोळ्यांनी तपासावेत. विद्यार्थी मित्रांनो, हे सारे तुम्ही समजून घ्यावे, पण जाणत्या माणसाशिवाय हात लावू नये.

तीन जाती

बाजारात जंप स्टार्टरच्या तीन जाती आढळतात. पहिल्यात लहान शिसे-आम्ल बॅटरी असते. ती स्वस्त पण जड, आणि पडून राहिली तर मूळ बॅटरीसारखीच खराब होणारी. दुसरी लिथियमची. ती वजनाला अगदी हलकी असते. तिच्यातही दोन पोटजाती आहेत. लिथियम आयर्न फॉस्फेटचे घट नेहमीच्या लिथियम घटांपेक्षा थोडे जड, पण उष्णतेला अधिक स्थिर असतात. आमच्यासारख्या तापणाऱ्या मुलखात हा गुण मोलाचा आहे.

तिसरी जात सुपरकपॅसिटरची. तुम्ही शाळेत किंवा पुढे महाविद्यालयात शिकता ते धारित्रच हे, पण अवाढव्य धारकतेचे. ३५० फॅरडची सहा धारित्रे एकसर जोडली, तर धारकता ५८ फॅरड होते. ती १४ व्होल्टपर्यंत भारली आणि ९ व्होल्टपर्यंत उतरू दिली, तर ½ × ५८ × (१९६ − ८१), म्हणजे सुमारे ३,३०० ज्यूल मिळतात. एका छोट्या झटक्यापुरतीच ही शिदोरी! गंमत अशी, की हे यंत्र त्या दुबळ्या बॅटरीकडूनच काही मिनिटांत भरून घेता येते. बॅटरीला दोनशे अँपिअर एकदम देता येत नाहीत. पण पाच-दहा अँपिअर सावकाश देता येतात. थेंब थेंब साठवून घागर भरायची आणि एकदम उपडी करायची! कपाटात वर्षभर रिकामे पडले तरी याचे फारसे बिघडत नाही. पण बॅटरी पूर्ण मेलेली असेल, तर याला दुसरीकडून भरावे लागते, आणि मध्यधारेत मिनिटेही महाग असतात.

मामांना मी सांगितले : लिथियम आयर्न फॉस्फेटचे, पुस्तिकेशी जुळणाऱ्या क्रँकिंग अँपिअरचे, आखूड जाड तारांचे, आयपी ६५ किंवा त्याहून वरचे आणि उलट जोडणी रोखणारे यंत्र घ्या. आणि घेतल्यावर एक वेळापत्रक भिंतीवर लावा. मृग नक्षत्र लागण्याआधी, पोळ्याला, दिवाळीला आणि होळीला, अशी वर्षातून चार वेळा यंत्र आणि बोटीची बॅटरी दोन्ही चार्ज करा. यंत्र पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हातल्या बोटीत ठेवू नका. जे यंत्र वर्षभर कोणी पाहिले नाही, ते पुराच्या रात्री चालेलच, असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

त्या दिवशी काय झाले?

बॅटरीवर खापर फोडण्याआधी आम्ही तीन गोष्टी पाहिल्या होत्या : गिअरचा दांडा मधल्या स्थितीत आहे का, चालकाच्या मनगटाला बांधायची इंजिन-बंदची दोरी जागेवर आहे का, आणि बॅटरीची टोके घट्ट व स्वच्छ आहेत का. सारे ठीक होते. मग मामांनी इंजिनावरचे झाकण उतरवले. आत एक गाठ मारलेली दोरी ठेवलेली होती. ती त्यांनी वरच्या जड चाकाच्या खाचेत अडकवून गुंडाळली, सर्वांना मागे सरायला सांगितले आणि एक जोरदार हिसका दिला. दुसऱ्या हिसक्याला इंजिन धडधडू लागले.

“सर, बॅटरी तर खराब आहे. मग ठिणगी आणि पेट्रोलच्या पंपाला वीज कोणी दिली?” माझ्या विद्यार्थ्याने विचारले.

त्याच बॅटरीने! पंप आणि ठिणगी यांना मिळून पाच अँपिअर लागतात असे धरा. ०.१ ओहमच्या अंतर्गत रोधात पाच अँपिअरला अर्धा व्होल्टच खर्च होतो. बारा व्होल्ट शिल्लक राहतात. जी बॅटरी दोनशे अँपिअरला हरली, ती पाच अँपिअरला पुरून उरली. तिच्यातले बारा व्होल्ट खरेच होते. पण किती भाराला, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नव्हता.

तुम्हांलाही हे घरी पाहता येईल. एक नवा पेन्सिल सेल, एक घड्याळातून काढलेला जुना सेल, विजेरीचा छोटा दिवा आणि मल्टिमीटर घ्या. प्रत्येक सेलचे व्होल्ट आधी दिव्याशिवाय मापा, मग दिवा जोडून मापा. कमी झालेल्या व्होल्टला दिव्यातल्या प्रवाहाने भागा. अंतर्गत रोध मिळेल. मोठ्या बॅटरीची टोके मात्र कधीही थेट जोडू नका. जुन्या सेलचा रोध नव्याच्या किती पट आला? वर्गात सर्वांचे आकडे फळ्यावर मांडा आणि पाहा, कोणाच्या घरातला सेल सर्वांत जास्त फसवा निघतो!